टायको ब्राहे यांचा मृत्यू आणि केप्लरवरचा आळ

१३ ऑक्टोबर १६०१. प्राग शहरात एका बड्या सरदाराकडे मेजवानी होती. पाहुण्यांत सम्राट दुसरा रुडॉल्फ यांच्या दरबारचे खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे होते. लघवीची निकड लागली, पण भर पंगतीतून उठणे शिष्टाचाराला सोडून, म्हणून ते तसेच बसून राहिले. घरी आल्यावर लघवी अडली, ताप चढला, वात झाला आणि २४ ऑक्टोबरला ते गेले. वय ५४.

ही कथा आपण हसत ऐकतो, पण माणूस फार मोठा होता. जन्म १५४६ चा, डेन्मार्कच्या उमराव घराण्यातला. तरुणपणी द्वंद्वात नाक कापले गेले. पुढे जन्मभर धातूचे नाक लावले. १५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात अचानक उगवलेला तारा चंद्राच्याही पलीकडचा आहे, हे त्यांनी दाखवले. राजाने त्यांना व्हेन नावाचे बेट दिले. तिथे वेधशाळा उभारून, दुर्बीण नसताना, त्यांनी सुमारे २० वर्षे ग्रहताऱ्यांचे वेध घेतले. पुढच्या राजाशी पटेना, म्हणून देश सोडून ते प्रागला आले. तिथे १६०० मध्ये योहानेस केप्लर त्यांचे मदतनीस झाले.

टायको मंगळाची निरीक्षणे सहजी कोणाला देत नसत. ते जाताच, वारसांनी हक्क सांगण्याआधी, केप्लर यांनी ती ताब्यात घेतली आणि पुढे तसे कबूलही केले. संशयाला तेवढे पुरले. १९०१ मध्ये थडगे उघडले होते. त्या वेळच्या केसांत १९९० च्या दशकात पारा आढळला. २००४ मध्ये तर एका पुस्तकाने केप्लरच विषप्रयोग करणारे, असे ठरवून टाकले.

गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, असे आपण म्हणतो. श्रीकृष्णाने स्यमंतक मणी शोधून आणला आणि आपला आळ स्वतः धुतला. केप्लर तर १६३० मध्येच वारले होते. त्यांची बाजू मांडणार कोण? ती मांडली खुद्द टायकोंच्या देहाने. २०१० मध्ये डेन्मार्क आणि चेक देशाच्या संशोधकांनी थडगे पुन्हा उघडले. केस आणि हाडे तपासून २०१२ मध्ये त्यांनी सांगितले, की पारा जीव घेण्याइतका नव्हता. मूत्राशयाचा विकार हेच संभाव्य कारण. चांदीचे म्हणून गाजलेले नाकही बहुधा पितळेचे निघाले!

निरीक्षणे घेतली, हे खरेच. पण त्यांचे केले काय? टायकोंचा आकडा आठ कलांनी चुकेल, हे केप्लर यांना मान्य नव्हते. त्या विश्वासावर त्यांनी वर्तुळाचा हट्ट सोडला आणि १६०९ मध्ये मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे जगाला सांगितले. टायकोंनी मरताना सोपवलेली ग्रहकोष्टके त्यांनी १६२७ मध्ये पूर्ण करून छापली आणि मुखपृष्ठावर टायकोंचे नाव घातले.

केप्लर यांचा न्याय करायचा, तर आम्हाला वाटते, हे पानही उघडून पाहावे.