कॅरोलाइन नॉर्टनबाई
(मुलांसाठी कायद्याशी झगडलेल्या एका आईचे चरित्र)

नवराबायकोचे बिनसले व दोघांनी वेगळे राहण्याचे ठरविले, म्हणजे वडीलधारी मंडळी जमतात. दागिने कोणाचे, भांडी कोणाची, लग्नाचा खर्च कोणी सोसला, याचा हिशेब रात्र रात्र चालतो. लेकरांची गोष्ट त्या हिशेबात बहुधा शेवटी निघते. ती कोणापाशी राहावयाची, त्यांस पोसावयाचे कोणी, आणि ज्याच्यापाशी ती नाहीत त्यास त्यांची भेट केव्हा घडावयाची, हे प्रश्न आज न्यायाधीश आवर्जून विचारतात. परंतु एके काळी इंग्लंडच्या न्यायासनापुढे हे प्रश्न निघतच नसत. ते काढावयास ज्यांनी भाग पाडले त्यांत कॅरोलाइन नॉर्टन या बाईंचे नाव अग्रभागी आहे. त्यांची हकीकत वाचकांस ठाऊक असावी म्हणून येथे संक्षेपाने देत आहो.

कॅरोलाइन हिचा जन्म २२ मार्च १८०८ रोजी लंडन शहरी झाला. तिचे आजोबा रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन हे नामांकित नाटककार व पार्लमेंटातील गाजलेले वक्ते होते. बाप टॉमस शेरिडन नोकरीनिमित्त आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केप वसाहतीत गेला व १८१७ साली तेथेच क्षयाने वारला. कुळ मोठे पण गाठी पैका नाही, अशी त्या घराची स्थिती झाली. राजघराण्याच्या मेहेरबानीने विधवेस हॅम्प्टन कोर्टच्या वाड्यात राहावयास जागा मिळाली व तेथे तिने मुलांस वाढविले. तिच्या तिघी मुली रूपाने व बुद्धीने प्रसिद्धीस आल्या. त्यांपैकी थोरली हेलन. तिचा पुत्र लॉर्ड डफरिन हा पुढे १८८४ ते १८८८ पर्यंत हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. कॅरोलाइन ही त्याची मावशी.

रूप व बुद्धी असली तरी द्यावयास पैसा नव्हता. म्हणून आलेले स्थळ पाहून १८२७ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जॉर्ज नॉर्टन नावाच्या बॅरिस्टराशी तिचा विवाह करून देण्यात आला. हा लॉर्ड ग्रँट्ली याचा धाकटा भाऊ असून पार्लमेंटाचा सभासद होता. बाहेरून पाहता स्थळ चांगले. आतून मात्र निराळेच निघाले. जॉर्जची मिळकत थोडी, स्वभाव तापट, आणि राग आला म्हणजे तो बायकोवर हात टाकी. बाईही मुकाट राहणाऱ्या नव्हत्या. त्यांची जीभ तिखट होती आणि त्यांचा उपहास नवऱ्याच्या वर्मी लागे. तथापि तिखट जिभेचे उत्तर मार हे नव्हे.

घरखर्च चालावा म्हणून बाईंनी लेखणी हाती धरली. कविता, कादंबऱ्या, मासिकांतील लेख असे त्या पुष्कळ लिहीत. पहिल्या बाळंतपणाचा खर्चही आपल्या काव्याच्या पैशातून भागविल्याचे त्यांनी नमूद केले आहे. फ्लेचर, ब्रिन्स्ली व विल्यम असे तीन मुलगे त्यांस झाले. लॉर्ड मेलबर्न हे त्या वेळी सरकारात मंत्री होते. त्यांच्याशी बाईंचा स्नेह होता, आणि त्या ओळखीवर १८३१ साली जॉर्जला लंडनात मॅजिस्ट्रेटची जागा मिळाली. तिचा पगार सालीना एक हजार पौंड होता.

पैसा आला, पण घरात शांती आली नाही. अखेर १८३६ च्या वसंत ऋतूत स्फोट झाला. ईस्टरच्या सणास बाई मुलांस घेऊन आपल्या भावाच्या घरी जाणार होत्या; नवऱ्यास मात्र तेथे आमंत्रण नव्हते. यावरून भांडण पेटले. बाई बहिणीच्या घरी गेल्या असता जॉर्जने तिन्ही मुले घरातून हलविली व आपल्या माणसांच्या हवाली केली. थोरला मुलगा सहा वर्षांचा, मधला चारांचा, आणि धाकट्याने अद्याप तिसरे वर्ष पुरे केले नव्हते. मुले ज्या घरी ठेविली होती तेथे आई धावत गेली. माडीवर मुलांच्या पावलांचा आवाज होत होता. खाली आई रडत बसली होती. पण भेट मिळाली नाही. पुढे मुलांस स्कॉटलंडात आत्याकडे पाठविण्यात आले. तेथे आईचे पत्र वाचल्यावरून थोरल्या मुलास मार खावा लागला, असे बाईंनी लिहून ठेविले आहे.

त्याच वर्षाच्या जून महिन्यात जॉर्जने लॉर्ड मेलबर्न यांजवर व्यभिचाराचा आरोप ठेवून दहा हजार पौंडांच्या भरपाईचा दावा लाविला. मेलबर्न त्या समयी इंग्लंडचे मुख्य प्रधान होते, त्यामुळे सारा देश या खटल्याकडे पाहू लागला. साक्षीपुरावा इतका पोकळ होता की ज्यूरीने जागचे न उठता मेलबर्न यांस निर्दोष ठरविले. परंतु या खटल्यात बाईंस बोलण्याचा अधिकारच नव्हता. दावा दोन पुरुषांमधील होता; ज्या स्त्रीची अब्रू त्यात पणास लागली तिला वकील नाही व साक्षही नाही. खटला सुटल्याने जॉर्जला घटस्फोट मिळेना. बाईंसही तो मिळेना, कारण छळ सोसून त्या एकवार नवऱ्याच्या घरी परत गेल्या होत्या व कायद्याच्या मते तो छळ त्यांनी माफ केला होता. म्हणजे नांदणे नाही व सुटकाही नाही, अशी अवस्था झाली.

येथे तत्कालीन कायदा काय होता हे सांगितले पाहिजे. विवाहातील मुलांवर सर्व हक्क बापाचा. बाप कसाही असो, तो मूल आईपासून घेऊन वाटेल त्याच्या स्वाधीन करू शके. १८०४ सालच्या एका खटल्यात आठ महिन्यांचे अंगावर पिणारे मूल बापाने उचलून नेले असता कोर्टाने बापाचाच हक्क खरा मानिला. याच्या उलट, विवाहाबाहेर जन्मलेले लहान मूल कायदा आईपाशी राहू देत असे. तेव्हा धर्माने लग्न लाविलेल्या बाईस जो हक्क नाही तो लग्नावाचून माता झालेलीस आहे, हे विपरीत बाईंनी लोकांच्या नजरेस आणिले.

बाईंपाशी सत्ता नव्हती, मतही नव्हते, लेखणी होती. १८३७ साली त्यांनी मुलांच्या ताब्यासंबंधी एक पुस्तिका छापून वाटली, व पुढील दोन वर्षांत आणखी लिहिल्या. त्यांतील एक त्यांनी पुरुषाचे टोपणनाव घेऊन लिहिली, कारण बाईने कायद्याविषयी लिहिलेले कोण वाचणार? टॉमस टॅल्फर्ड नावाचे वकील पार्लमेंटाचे सभासद होते. अशाच एका ताब्याच्या खटल्यात त्यांनी बापाच्या बाजूने काम चालविले होते, व मिळालेल्या जयाने त्यांच्या मनास टोचणी लागली होती. त्यांनी हे बिल कॉमन्स सभेत आणिले. १८३८ साली ते तेथे मंजूर झाले, पण लॉर्डांच्या सभेत दोन मतांनी पडले. एका नियतकालिकाने बाईंची घाणेरडी निंदा छापली. परंतु विवाहित स्त्रीस स्वतःच्या नावाने फिर्याद करता येत नसल्यामुळे तीही त्यांस गिळावी लागली. पुढल्या वर्षी टॅल्फर्ड यांनी बिल पुन्हा आणिले, आणि ऑगस्ट १८३९ मध्ये तो कायदा झाला.

या कायद्याने दिले ते फार नव्हते. सात वर्षांखालील मुलांचा ताबा आणि त्याहून मोठ्या अज्ञान मुलांची भेट मिळावी म्हणून आईने चान्सरी कोर्टात अर्ज करावा. जिच्यावर व्यभिचार शाबीत झाला तिने तोही करू नये. चान्सरी कोर्टाचा खर्च गरिबास झेपणारा नव्हता. तरीपण बापाचा हक्क हा अखेरचा शब्द नव्हे, न्यायाधीश त्यावर विचार करू शकतो, ही गोष्ट इंग्लंडच्या कायद्यात तेव्हा प्रथम लिहिली गेली.

आता दुःखाची गोष्ट ऐका. जिच्या खटपटीने कायदा झाला तिलाच त्याचा उपयोग झाला नाही. मुले स्कॉटलंडात होती, व तेथे इंग्लंडचा कायदा चालत नसे. भेटी घडत त्या नवऱ्याच्या मर्जीवर. १८४२ च्या सप्टेंबरात धाकटा विल्यम तट्टावरून पडला. जखम मोठी नव्हती, पण तिची हयगय होऊन ती चिघळली व विष अंगात भिनले. आईस बोलावणे गेले. ती पोहोचली तेव्हा मूल मरून गेले होते. त्याचे वय नऊ वर्षांचे होते. यानंतर जॉर्जचे मन काहीसे वरमले व उरलेल्या दोघा मुलांस आईपाशी राहण्यास मोकळीक मिळू लागली. एवढ्यासाठी एक लेकरू जावे लागले.

पुढे तंटा पैशाचा उपस्थित झाला. १८४८ साली नवऱ्याने सालीना पाचशे पौंड देण्याचा करार लिहून दिला. पण १८५१ साली बाईंच्या आईने त्यांच्या नावे काही उत्पन्न ठेविल्याचे कळताच त्याने हात आखडला. १८५३ साली हे प्रकरण कोर्टात गेले. कायद्याच्या दृष्टीने नवराबायको एकच व्यक्ती, आणि कोणी स्वतःशी करार करू शकत नाही. म्हणून तो कागद फुकट, असे ठरले. इतकेच नव्हे, तर बाईंनी लिहून मिळविलेला पैसाही कायद्याने नवऱ्याचा होता. यावर बाईंनी १८५४ साली स्त्रियांविषयीच्या इंग्रजी कायद्यांवर एक पुस्तक लिहिले, व १८५५ साली राणी व्हिक्टोरिया यांस उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केले. स्त्री ही पुरुषाच्या बरोबरीची आहे असा त्यांचा दावा नव्हता; दुर्बळास कायद्याचे संरक्षण असावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

१८५७ साली पार्लमेंटाने विवाहासंबंधी नवा कायदा केला. तोपर्यंत पुन्हा लग्न करण्याची मोकळीक देणारा घटस्फोट पाहिजे असल्यास पार्लमेंटाकडून स्वतंत्र कायदाच करवून घ्यावा लागे. त्याला पैसा अपार लागे, आणि बायकोच्या अर्जावरून असा कायदा झाल्याची उदाहरणे अवघी चार आहेत. आता त्यासाठी निराळे कोर्ट स्थापन झाले. नवऱ्याने टाकिलेल्या स्त्रीची कमाई तिचीच राहावी, कोर्टाच्या हुकुमाने विभक्त झालेलीस करार करता यावा, फिर्याद लाविता यावी व मालमत्ता ठेविता यावी, या कलमांमागे बाईंनी सोसलेले व लिहिलेले उभे होते. मात्र पक्षपात राहिलाच. नवऱ्यास बायकोचा व्यभिचार दाखविणे पुरे होई. बायकोस व्यभिचाराबरोबर क्रूरता, त्याग किंवा तसाच दुसरा मोठा अपराध दाखवावा लागे.

बाईंचे उतारवय शोकातच गेले. थोरला मुलगा फ्लेचर १८५९ साली पॅरिस येथे क्षयाने वारला. १८७५ साली जॉर्ज मरण पावला. तोवर बाई कायद्याने त्याचीच बायको होत्या. १ मार्च १८७७ रोजी सर विल्यम स्टर्लिंग मॅक्सवेल या जुन्या स्नेह्याशी त्यांनी विवाह केला, आणि त्याच वर्षी १५ जून रोजी त्यांनी देह ठेविला. लॉर्डांच्या सभागृहातील भिंतीवर मॅक्लिस नावाच्या चित्रकाराने न्यायदेवतेचे चित्र काढिले आहे. त्यासाठी त्याने बाईंचा चेहरा नमुन्यास घेतला होता. ज्या सभेने त्यांचे मागणे एकदा फेटाळिले तेथेच त्यांचे रूप न्याय म्हणून राहिले.

या चरित्राचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. १८५७ च्या इंग्रजी कायद्याच्या धर्तीवरच १८६९ साली हिंदुस्थानात घटस्फोटाचा कायदा झाला, आणि येथील ख्रिस्ती कुटुंबांचे असे तंटे त्याखाली चालतात. नवऱ्यास एक कारण व बायकोस दोन, हा पक्षपातही त्याबरोबर येथे आला व तो २००१ साली दूर झाला. आता दोघांस कारणे सारखी असून परस्परसंमतीनेही घटस्फोट मागता येतो. त्याच १८६९ च्या कायद्यात मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी हुकूम करण्याचा अधिकार कोर्टास दिलेला आहे. पुढे १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याने मुलाचे हित पाहण्यास सांगितले. त्याचे वय, पालकाची वर्तणूक व योग्यता, आणि मूल समजत्या वयाचे असल्यास त्याची स्वतःची इच्छा, हे सर्व न्यायाधीशाने ध्यानात घ्यावे. इंग्लंडात तर १९२५ साली मुलाचे हित हीच पहिली व श्रेष्ठ गोष्ट ठरली.

तेव्हा शिक्षक, पंच व उपदेशक यांनी हे ध्यानात ठेवावे. दोघांचा समेट व्हावा म्हणून झटणे हे आपले काम आहेच. पण जिला मार पडतो तिला मुलांची भीती घालून परत पाठविणे हा समेट नव्हे. तसेच रागाच्या भरात बापाने मूल उचलून नेले, किंवा आईने ते लपविले व बापाच्या दृष्टीस पडू दिले नाही, तर त्यास कोणीही घरचा मामला म्हणून सोडून देऊ नये. असा तंटा आपल्यापुढे आला तर भांडी, दागिने व लग्नखर्च यांचा हिशेब दुसऱ्या दिवसावर टाकावा. मूल आज रात्री कोठे निजणार आहे, त्याच्यापाशी कोण आहे, आणि दुसऱ्याला त्याची भेट केव्हा घडणार आहे, एवढे त्या बैठकीतून उठण्यापूर्वी ठरवून घ्यावे.