फौजदारकीचा मोह आणि चिपळ्यांचा नाद

वर्षप्रतिपदेच्या मंगल प्रभाती घरोघरी गुढ्या उभारल्या जातात, कडुनिंबाचा प्रसाद वाटला जातो, आणि त्याच दिवशी असंख्य घरांत 'श्रीगजाननविजय' ग्रंथाच्या पारायणासही आरंभ होतो. पारायण करणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानी असते कोण जाणे, पण या ग्रंथाचा कळस पाडव्यालाच झाला. शके १८६१, प्रमाथी नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, बुधवार. म्हणजे सन १९३९ च्या मार्च महिन्याची २२ तारीख. स्थळ शेगाव. एकवीस अध्याय आणि साडेतीन हजारांहून अधिक ओव्या पूर्ण करून लेखणी खाली ठेवणारे ग्रंथकार त्या वेळी वयाची सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी उभ्या आयुष्यात सरकारी चाकरी केली ती एकच, आणि ती पोलीस शिपायाची. बक्कल, पट्टा आणि रोजच्या हजेरीचे ते जिणे टाकून जो पुरुष हरिकथेच्या मार्गाला लागला, त्या संतकवी दासगणू महाराजांचे चरित्र पाडव्याच्या निमित्ताने आठवावे, हे उचितच होय.

महाराजांचे मूळ नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म शके १७८९ च्या पौष शुद्ध एकादशीस, ६ जानेवारी १८६८ रोजी, नगर जिल्ह्यातील (ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात) अकोळनेर या गावी. शाळेत त्यांचे मन रमले नाही. इंग्रजी विद्येची चार बुके वाचून मामलेदार कचेरीत चिकटावे, ही त्या काळच्या पांढरपेशा घरांची आकांक्षा. तीही पुरी झाली नाही. अखेर पोलीस खात्यात शिपायाची जागा मिळाली, आणि ब्राह्मणाच्या या मुलाने खाकी पोशाख अंगावर चढविला.

परंतु अंगात जे उपजत असते ते पोशाखाने झाकत नाही. गणेशरावांना शीघ्रकवित्वाची देणगी होती. शब्द हात जोडून उभे राहत, यमक आपोआप जुळे, ठेका कानातच होता. ही देणगी प्रथम कोठे प्रकट झाली? देवळात नव्हे, तमाशाच्या फडात! श्रीगोंद्याच्या बाजूस असताना हा शिपाई लावण्या रचीत असे आणि फडकरी त्या आवडीने गात. काही सोवळ्या चरित्रकारांना हा भाग अडचणीचा वाटतो व ते तो दोन ओळींत गुंडाळतात. आम्हांस तसे करण्याचे कारण दिसत नाही. पुढे ज्या ओवीने महाराष्ट्रातील बायाबापड्यांना वेड लावले, तिची सहज धाव आणि श्रोत्याला धरून ठेवण्याची हातोटी ही पंडितांच्या पाठशाळेत मिळत नसते. ढोलकीपुढे बसून चार हजार डोळे आपल्याकडे कसे वळतात, हे ज्याने पाहिले त्यालाच नारदाच्या गादीवर उभे राहिल्यावर मुखस्तंभ होण्याची भीती नसते.

याच काळात इस्लामपूरकर वामनशास्त्री या संस्कृतज्ञ सत्पुरुषांचा अनुग्रह त्यांना लाभला. आणि नोकरीने, म्हणजे ज्या नोकरीपासून पुढे सुटका व्हायची होती तिनेच, त्यांना दुसरी मोठी भेट घडवून आणली. नारायण गोविंद ऊर्फ नानासाहेब चांदोरकर हे महसूल खात्यातील अधिकारी शिर्डीच्या साईबाबांचे निस्सीम भक्त. त्यांच्या तैनातीत गणेशराव असत. साहेब शिर्डीस निघाले की शिपायालाही जावे लागे. मनात श्रद्धा नाही, उलट हे कसले फकीराचे खूळ, अशीच प्रारंभीची भावना. पण बाबांनी या गणूला पहिल्यापासूनच हेरले, आणि नोकरी सोडून देण्याविषयी ते त्याला वारंवार सुचवू लागले.

आता इथे चरित्राची खरी गाठ आहे. आपण कीर्तनात ऐकतो की सद्गुरूंनी सांगितले आणि भक्ताने तत्क्षणी सर्वसंगपरित्याग केला. दासगणूंच्या बाबतीत तसे मुळीच झाले नाही. त्यांना फौजदार व्हायचे होते! शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसाने खात्याची परीक्षा द्यावी, फौजदार व्हावे, गावात घोड्यावरून फिरावे, पाटील-कुलकर्ण्यांनी सामोरे यावे, हे स्वप्न त्यांनी मनाशी घट्ट धरले होते. एकदा फौजदारकी मिळू द्या, एक वर्षभर ती भोगू द्या, मग सोडतोच, अशी त्यांची विनवणी असे. १९३६ साली नरसिंहस्वामींनी शिर्डीच्या जुन्या भक्तांच्या आठवणी टिपून घेतल्या. त्यांत वृद्ध दासगणूंनी आपली ही चालढकल काहीही न लपविता सांगितली आहे, आणि त्यामुळेच ती विश्वसनीय वाटते.

त्या चालढकलीतील दोन प्रसंग सांगण्याजोगे आहेत. कान्हा भिल्ल नावाचा दरोडेखोर त्या मुलखात धुमाकूळ घालीत होता. त्याच्या मागावर गणेशरावांना वेषांतर करून पाठविण्यात आले. ते रामदासी बुवा बनले व एका देवळात मुक्काम ठोकून राहिले. रामाचे भजन चाले, आणि भजनाच्या आडून टेहळणी. कान्ह्याला हा बनाव कळला. तो हत्यारानिशी देवळात आला तेव्हा या सोंगाच्या बुवाला पळायला वाट उरली नाही. त्याने रामाच्या मूर्तीला मिठी मारली आणि प्राण कंठाशी आणून धावा केला. दरोडेखोराचे मन द्रवले व गणेशरावांचा जीव वाचला. ज्या रामाचे सोंगासाठी भजन चालविले होते त्याचाच त्या घडीला खरा धावा करावा लागला, हा त्यातला विलक्षण भाग. कान्ह्याची धास्ती इतकी बसली की त्या कामगिरीतून अंग काढून घेण्यासाठी त्यांनी आजारीपणाचा बहाणा केला. एवढे होऊनही राजीनामा काही दिला नाही.

दुसरा प्रसंग गोदावरीकाठचा. परवानगीवाचून हद्द ओलांडल्याचे बालंट अंगावर येणार, अशा भयाने त्यांनी नदीचे पाणी हाती घेऊन शपथ वाहिली की यातून सुटलो तर चाकरी सोडीन. पुढे जातात तो चोरांची एक टोळी मुद्देमालासह हाती लागली. बालंट बाजूला राहिले आणि उलट शाबासकी मिळाली. मग शपथेचे काय? ती गंगार्पण झाली, आणि फौजदारकीच्या परीक्षेची पुस्तके पुन्हा उघडली गेली! वाचकहो, हसू येते खरे; पण संकटात देवाला बोललेला नवस संकट टळल्यावर लांबणीवर टाकणारे आपल्या घरात कोणीच नाही, असे कोण म्हणू शकेल?

अखेरीस दंडाच्या वसुलीतील थोड्याशा रकमेच्या अपहाराचा आळ त्यांच्यावर आला. पैसे खाल्ले दुसऱ्याने, सही यांची. बेअब्रू आणि तुरुंग, दोन्ही समोर दिसू लागले. त्यातून ते निर्दोष सुटले, आणि या वेळी मात्र शब्द पाळला. १९०३ च्या सुमारास त्यांनी नोकरीला रामराम ठोकला. वय पस्तिशीचे. घरी पत्नी, हाती शिल्लक नाही, आणि पुढे काय खायचे याचे उत्तर एकच, की बाबांनी तुझी काळजी वाहू असे आश्वासन दिले आहे. पगार थांबतो तो काही एकट्या पुरुषाचा थांबत नाही. चुलीशी बसणाऱ्या गृहिणीचाही थांबतो. दासगणूंच्या त्यागाचे गुणगान करताना हे विसरणे बरे नव्हे.

नगर जिल्ह्याच्या मातीत याला एक जुना दाखला आहे. ताहराबादचे महीपतिबुवा हे कुलकर्णीपणाच्या वतनावर जहागीरदाराची चाकरी करीत. एकदा देवपूजेत असताना कचेरीतून बोलावणे आले, वेळ झाला म्हणून अपमान झाला, आणि त्यांनी कानावरची लेखणी देवापुढे ठेवून ती यापुढे केवळ संतचरित्रांसाठीच चालवीन, अशी प्रतिज्ञा केली. अठराव्या शतकातील या 'भक्तिविजय'कारांशी दासगणूंचे नाते लोकांनी आपणहून जोडले व त्यांना आधुनिक महीपती म्हटले. महीपतींनी दौत-लेखणीची चाकरी टाकली, दासगणूंनी दंडुक्याची. आणि दोघांनी पुढे केले ते एकच काम. महीपतींच्या नंतरचे जे साधुसंत, त्यांची चरित्रे 'भक्तलीलामृत', 'संतकथामृत' व 'भक्तिसारामृत' या ग्रंथांत दासगणूंनी ओवीबद्ध केली. साईबाबांची कथा त्यांच्या हयातीतच महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली, तिचे पुष्कळसे श्रेय या ग्रंथांना आणि दासगणूंच्या कीर्तनांना आहे.

कीर्तनाविषयी आम्ही अधिकाराने दोन शब्द लिहिले तर ते अस्थानी होऊ नये. शिर्डीत एकदा कीर्तनाला निघताना दासगणू अंगरखा, उपरणे, फेटा असा सारा थाट करून बाबांच्या पायाशी गेले. नवरदेवासारखे सजून कोठे निघालास, अशा अर्थाची थट्टा करून बाबांनी ती वस्त्रे तिथेच उतरवावयास लावली. तेव्हापासून कमरेला धोतर, वरचे अंग उघडे, गळ्यात माळ, हाती चिपळ्या, हाच त्यांचा कीर्तनाचा वेष झाला. खाकी पोशाख अंगावरून एकदा उतरलाच होता. आता दुसराही उतरला. नारदांचे रूप आठवावे, तर हा वेष काही नवा नव्हे. बिदागीची बोली ते करीत नसत. आज कीर्तनाच्या आधी ध्वनिक्षेपक किती आणि पाकीट कितीचे याची चौकशी होते; त्या काळी हा बुवा उघड्या अंगाने उभा राही आणि रात्र कशी सरली ते श्रोत्यांना कळत नसे.

ठाण्याच्या कौपिनेश्वराच्या देवळात झालेल्या अशाच एका कीर्तनाला चोळकर नावाचे दिवाणी कचेरीतील एक गरीब उमेदवार बसले होते. नोकरी कायम झाली तर शिर्डीस जाऊन खडीसाखर वाटीन, असा नवस ते तिथेच बोलले. नोकरी कायम झाली, पण प्रवासखर्चाला पैसे नाहीत, म्हणून त्यांनी चहातील साखर वर्ज्य करून पैसे साठविले. ज्याने सरकारी नोकरी टाकली त्याच्या कीर्तनात बसून दुसरा नोकरी पक्की व्हावी म्हणून नवस बोलतो, आणि दोघांवरही कृपा होते. नोकरी सोडणे हाच धर्म, असा अर्थ या चरित्रातून काढणाऱ्या उतावळ्या तरुणांनी चोळकरांची ही कथाही वाचावी.

दासगणूंना संस्कृताची ओढ होती. पाठशाळेचा पाया नसताना त्यांनी ईशावास्य उपनिषदावर ओवीबद्ध टीका लिहावयास घेतली. अठरा मंत्रांचे हे उपनिषद वरवर सोपे दिसते. पण आम्ही शिकविताना नेहमी पाहतो की पहिल्याच मंत्रात, त्यागाने भोगावे या उपदेशापाशी, विद्यार्थी अडखळतो. टाकायचे तर भोगायचे कसे? दासगणूही तिथेच अडखळले. त्यांनी शंका बाबांपुढे ठेवली, तेव्हा पार्ल्यास काका दीक्षितांच्या घरची मोलकरीण ती फेडील, असे उत्तर मिळाले. हरि सीताराम दीक्षित हे मुंबईचे नामांकित सॉलिसिटर. त्यांच्या घरी पहाटे भांडी घासणारी एक पोर फाटक्या चिंध्यांत कोणाच्या तरी नारिंगी लुगड्याचे गाणे आनंदाने गात होती. दासगणूंना कळवळा आला. त्यांनी मोरेश्वर प्रधानांकडून तिला नवे लुगडे देवविले. ती ते नेसली, फुगड्या खेळली, मिरविली. दुसऱ्या दिवशी लुगडे घरी ठेवून ती पुन्हा चिंध्यांत कामाला आली. गाणे तेच, आनंद तोच. नवे लुगडे असो वा नसो, मुलीचा आनंद त्यावर टांगलेला नव्हता, हे पाहून टीकाकाराची अडलेली ओवी पुढे सरली. भाष्यकारांच्या पंक्तीत एका मोलकरणीच्या पोरीला मान देणारा हा टीकाकार, तमाशाच्या फडापासून उपनिषदापर्यंत ज्याने वाट चालली तोच असू शकतो.

नोकरी सुटल्यावर त्यांचे वास्तव्य मुख्यत्वे नांदेडकडे, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखात, आणि पंढरपुरात राहिले. १९१८ साली गणेश चतुर्थीला नर्मदातीरी महेश्वर येथे त्यांनी साईनाथ स्तवनमंजरी पूर्ण केली. पुढे सव्वा महिन्यातच, १५ ऑक्टोबरला विजयादशमीस, बाबांनी देह ठेवला. दासगणू तेव्हा पंढरपुरात होते. पहाटे स्वप्नात बाबा आले, मशीद कोसळली असे सांगितले, आणि देहावर फुलांची रास घालण्यास बोलाविले, अशी कथा आहे. शिष्यांसह ते धावत शिर्डीस गेले आणि त्यांनी समाधीपुढे कीर्तन उभे केले.

'गजाननविजया'ची हकीगतही पंढरीतच सुरू होते. शेगावचे रामचंद्र कृष्णाजी पाटील यांनी पंढरपूरक्षेत्री त्यांना गजानन महाराजांचे चरित्र लिहिण्याची गळ घातली. महाराजांची समाधी १९१० सालची, म्हणजे अडीच तपे होत आलेली. जुनी माणसे पांगत चालली होती. जमवून दिलेल्या कागदपत्रांच्या आधारे या वृद्ध कवीने शेगावात बैठक घातली. लावणीची धाव, शिपायाची चौकस नजर आणि कीर्तनकाराचा जिव्हाळा या तिन्ही गोष्टी त्या एकवीस अध्यायांत ज्याला दिसत नाहीत, त्याने ते डोळ्यांनी वाचले असतील, मोठ्याने म्हटले नसतील.

१९६२ च्या नोव्हेंबरात, कार्तिकाच्या वद्य पक्षात, पंढरपुरी त्यांनी देह ठेवला. वय चौऱ्याण्णव. त्यांनी लहानाचे मोठे केलेले अनंतराव आठवले पुढे संन्यास घेऊन स्वामी वरदानंद भारती झाले व त्यांनी ती परंपरा पुढे चालविली. नांदेड जिल्ह्यात उमरीजवळ गोरटे येथे दासगणू महाराजांचे स्थान आहे. नांदेडला गुरुद्वारा पाहावयास जाणाऱ्या यात्रेकरूंना तिथून गोरटे दूर नाही.