काटा कोणाच्या हातात?

ऊस लावला की घरात पैसा आला, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. शंभर वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी मात्र चित्र अगदी उलटे होते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, नदीच्या दोन्ही अंगांनी पाट वाहू लागले आणि नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी माळावर ऊस डोलू लागला. जमीन शेतकऱ्याची, घाम त्याचा आणि पाणीपट्टीही त्याच्याच माथी. तरीही वर्षाअखेर त्याच्या वहीत उरायचे ते कर्ज. हे असे का होते, हा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देईना, तो माणूस जेमतेम प्राथमिक शाळा शिकलेला होता. लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील.

नारळी पौर्णिमेचा त्यांचा जन्म. घर शेतकऱ्याचे, पाटीलकीचे, पण श्रीमंतीचे नव्हे. हिशेब आणि माणसे या दोन गोष्टी मात्र त्यांना उपजतच कळत असाव्यात. १९२३ साली त्यांनी लोणीत सहकारी पतपेढी काढली, ती सावकाराच्या दारातली गर्दी कमी करण्यासाठी. तिथल्या अनुभवातून एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. कमी व्याजाने पैसा मिळाला तर शेतकरी तगतो, पण वर येत नाही. कारण तो पिकवतो त्या मालाचा भाव दुसराच कोणी ठरवतो.

उसाच्या बाबतीत तर हे फारच खरे होते. ज्वारी-बाजरी कणगीत भरून ठेवता येते, भाव चढेपर्यंत दम धरता येतो. तोडलेला ऊस असा थांबत नाही. दिवस उलटला की वजन घटते, साखर उतरते आणि शेतकऱ्याची घासाघीस करण्याची ताकदही त्याबरोबर जाते. म्हणून त्याच्यापुढे दोनच वाटा असत. एक गुऱ्हाळाची. काहिलीत रस आटवायचा, ढेपा पाडायच्या आणि अडत्याकडे न्यायच्या. ज्याच्याकडून लागवडीसाठी आगाऊ उचल घेतलेली, तोच अडत्या गुळाचा भाव करणार! तिशीच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले तेव्हा अनेक बागायतदार पार बुडाले.

दुसरी वाट साखर कंपन्यांची. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशात कारखान्यांचे पेव फुटले. प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात टिळकनगर, साकरवाडी अशी खाजगी कारखान्यांची ठाणी उभी राहिली. त्यांच्यामागे मोठे भांडवल होते आणि धंद्याची उत्तम जाण होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी शेतकऱ्याकडून ऊस घेण्यापेक्षा त्याची जमीनच दीर्घ मुदतीच्या खंडाने घेणे पसंत केले. कर्जाने गांजलेल्या माणसाला खंडाची बांधलेली रक्कम हा आधार वाटे. मग कंपनी त्याच जमिनीत ऊस लावी, आपल्या गिरणीत गाळी आणि साखर विके. मूळ मालक पुष्कळदा तिथेच मजुरीला जाई. आपल्याच बांधावर रोजाने उभे राहण्याची ही नामुष्की विठ्ठलरावांनी जवळून पाहिली होती.

नेमक्या याच सुमारास पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास करीत होते. कालव्यांमुळे खरा फायदा कोणाला किती झाला, याचा तो बारकाईने केलेला पाहणी अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. केंब्रिजला शिकलेला अर्थशास्त्रज्ञ आणि डोक्याला फेटा बांधणारा लोणीचा पाटील, ही जोडी वरवर विजोडच म्हणायची. पण दोघांचे निदान एक होते: पिकात नफा आहे, तो पिकवणाऱ्याच्या हातून निसटतो तो गाळपाच्या टप्प्यावर. १९४५ साली बेलापूर रोड येथे, म्हणजे आजच्या श्रीरामपुरात, दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि शेतकऱ्यांनी स्वतःच सहकारी साखर कारखाना काढावा, हा विचार तिथे पक्का झाला.

परिषदेत ठराव होणे सोपे, खरी कसोटी पुढे होती. पैसा कोण देणार? शेतकऱ्याला भाग विकत घ्यायला सांगणे म्हणजे ज्याने आयुष्यभर व्याज भरले त्याला भांडवलदार हो म्हणण्यासारखे होते. विठ्ठलराव आसपासच्या चाळीसेक गावांतून हिंडले. पारावर बसले, चुलीपाशी बसले. गिरणी काढणे हे का कुणब्याचे काम, अशी टिंगल झाली; पैसे बुडाले तर काय, ही भीती तर रास्तच होती. अशा वेळी लोक योजना वाचत नाहीत, माणूस बघतात. लोकांनी विठ्ठलरावांकडे पाहून पैसे दिले. मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकारमंत्री वैकुंठभाई मेहता या प्रयोगाच्या पाठीशी राहिले, सरकारने भाग घेतले, कर्जही मिळाले. १९४८ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि १९५० च्या डिसेंबरअखेर लोणीजवळच्या ओसाड माळावर पहिली मोळी गव्हाणीत पडली. त्या माळाचे पुढे प्रवरानगर झाले.

आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना असा त्याचा उल्लेख नेहमी होतो. आंध्रात असे छोटे प्रयत्न त्याआधीही झाले होते. पण ज्याचे पाहून पुढे शेकडोंनी अनुकरण केले तो प्रवरेचाच, एवढे निर्विवाद. अध्यक्षपदी विठ्ठलराव स्वतः बसले नाहीत. जवळजवळ पहिली दहा वर्षे गाडगीळ अध्यक्ष होते आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष. यात नम्रता होती तसाच धूर्तपणाही होता, असे मला वाटते. पुण्याच्या विद्वानाच्या नावावर बँक आणि सरकार विश्वास ठेवणार होते. उसाच्या फडात काय चालले आहे, ते पाहायला पाटील होतेच.

धंदा म्हणून या व्यवस्थेची मेख साधी होती. वजनकाटा सभासदांच्या मालकीचा झाला. कारखान्याला जे मिळेल त्यातून खर्च वजा जाता उरेल तो उसाचा भाव. तोडणी आणि वाहतूक कारखान्याने अंगावर घेतली, त्यामुळे कोणाचा ऊस कधी तुटणार हे क्रमाने ठरू लागले. साखर निघाल्यावर उरणाऱ्या मळीचीही किंमत येऊ लागली आणि चिपाडाने बॉयलर पेटू लागले. शंभर एकरवाला असो की दोन एकरवाला, मत एकच. शिवाय प्रत्येक टनामागे थोडी रक्कम ठेव म्हणून कापली जाई. शेतकरी कुरकुरत, पण त्याच पैशातून कारखाना वाढला. १९६१ साली पंडित नेहरू प्रवरानगरला येऊन गेले, त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. शाळा, महाविद्यालये आणि मोठे रुग्णालय त्याच माळावर उभे राहिले.

या यशाला दुसरी बाजूही आहे. विठ्ठलरावांविषयी आदर ठेवूनही ती सांगायला हवी. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो आणि तेवढे दिवस पाणी पितो. कारखान्यांमागून कारखाने निघाले तसे धरणांचे बहुतेक पाणी उसाने घेतले आणि जिरायत गावे कोरडी राहिली. ऊस तोडायला दरवर्षी बीडकडून बैलगाड्या घेऊन येणारी, कोपीत राहून पहाटे कोयता चालवणारी माणसे या सहकारात सभासद कधीच नव्हती. आणि पुढे अनेक कारखान्यांत तो काटा शेतकऱ्याच्या हातातून सुटून संचालकांच्या हाती गेला, हे तर आपण सगळेच पाहत आलो.

विठ्ठलराव २७ एप्रिल १९८० रोजी गेले. कंपन्यांनी खंडाने घेतलेल्या जमिनी साठच्या दशकात कमाल जमीनधारणा कायद्याखाली सरकारकडे आल्या आणि शेती महामंडळाच्या ताब्यात गेल्या. शेतकऱ्याला त्या तेव्हाही मिळाल्या नाहीत. मोर्चे निघाले, दावे चालले, एक पिढी संपली. २०१२ पासून त्या टप्प्याटप्प्याने परत मिळू लागल्या, तेव्हा सातबाऱ्यावर नाव लावायला बहुतेक घरांतून नातवंडेच आली होती.