अमृतांजनचे जनक नागेश्वरराव

मेहरूण तलावाला फेरी मारून आल्यावर गुडघ्याला पिवळे मलम चोळणारे ज्येष्ठ नागरिक जळगावात कमी नाहीत. या मलमाचा जन्म मुंबईचा, त्याचे जनक मात्र तेलुगू भाषक होते, हे फारसे कुणाच्या ध्यानी नसते.

काशीनाथुनी नागेश्वरराव यांचा जन्म १ मे १८६७ रोजी आंध्रातील एलकुर्रू या गावी झाला. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते कलकत्तामार्गे मुंबईस आले आणि १८९३ मध्ये त्यांनी ‘अमृतांजन’ बाजारात आणले. ॲस्पिरिन विक्रीस यायला तेव्हा सहा वर्षे अवकाश होता. संगीताच्या मैफलींत मलम फुकट वाटून त्यांनी गिऱ्हाईक जोडले, असे सांगतात.

त्वचेतून औषध आत पोहोचविणे वाटते तितके सोपे नव्हे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या-पन्नासाव्या हिश्श्याएवढा. पण पेशींच्या फटी स्निग्ध द्रव्यांनी लिंपलेल्या असल्याने तो पाण्यात विरघळणाऱ्या औषधाला दाद देत नाही. निव्वळ तेलकट औषध त्या थरातच अडकते. वेदनाशामक मलमांतील विंटरग्रीनचे तेल मात्र आत शिरते आणि त्यापासून सॅलिसिलिक आम्ल तयार होते. सूज उतरविणारे हे द्रव्य ॲस्पिरिनचेच आप्त. डायक्लोफेनॅकसारख्या औषधांची वाट इतकी सुकर नाही. त्यांच्यासाठी संशोधकांनी मायक्रोइमल्शन हाताशी धरले. तेल, पाणी आणि साबणासारखे द्रव्य यांचे हे पारदर्शक मिश्रण असते व त्यातील थेंब साधारण १०० नॅनोमीटरच्या आतले असतात. होअर आणि शुलमन या शास्त्रज्ञांनी अशा मिश्रणाचे वर्णन केले ते १९४३ मध्ये. ते पाहण्यास नागेश्वरराव हयात नव्हते.

मलमाने त्यांना मुबलक पैसा दिला. तो त्यांनी ज्या कामी लावला, ते काम मलमाहून मोठे म्हणावे लागेल. १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर त्यांना तेलुगू वृत्तपत्राची निकड जाणवली. १९०८ मध्ये मुंबईतूनच ‘आंध्र पत्रिका’ हे साप्ताहिक निघाले. १९१४ मध्ये मद्रासहून त्याचे दैनिक झाले. मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवासही पत्करला.

११ एप्रिल १९३८ रोजी त्यांचे निधन झाले. बोरघाटातील ब्रिटिशकालीन पूल त्यांच्या मलमाच्या जाहिरातफलकामुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला जाई. एप्रिल २०२० मध्ये तो पाडण्यात आला.