वकिली सोडली आणि रागांचा पसारा १० थाटांत मांडला : पंडित विष्णु नारायण भातखंडे

हार्मोनियम शिकणारं पोर श्रीरामपूरचं असो की लखनौचं, यमनचा थाट कोणता असं विचारलं की उत्तर एकच येतं. कल्याण! इतक्या लांबच्या दोन गावांत एकच उत्तर येतं, त्यामागे एक मराठी वकील आहे.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरला. १८८७ ला ते वकील झाले. सोबत गाणं आणि सतार चालू होतीच. पुढे पत्नी गेली, पाठोपाठ मुलगीही गेली. भातखंडेंनी वकिली सोडली आणि उरलेलं आयुष्य गाण्याला दिलं.

तेव्हा चिजा घराण्यांच्या तिजोरीत होत्या. उस्ताद गेला की त्याच्या चिजाही जायच्या. त्यात एकच राग दोन घराणी दोन तऱ्हेने गायची. खरं कुणाचं मानायचं?

भातखंडे देशभर फिरले, जुने ग्रंथ धुंडाळले, उस्तादांकडे बसून चिजा लिहून घेतल्या. दक्षिणेत त्यांना व्यंकटमखींची ७२ मेळांची पद्धत सापडली. त्याच धर्तीवर त्यांनी उत्तरेचे राग १० थाटांत मांडले.

थाट म्हणजे काय? सप्तकात १२ सूर. ७ शुद्ध, ४ कोमल आणि १ तीव्र मध्यम. त्यातले ७ निवडले की थाट तयार. सगळे शुद्ध घेतले की बिलावल, म्हणजेच पाश्चात्त्यांचं डो रे मी, मेजर स्केल. त्यात मध्यम तीव्र केला की कल्याण. गंधार आणि निषाद कोमल केले की काफी.

पण थाट म्हणजे राग नव्हे. भूप आणि देसकार यांचे सूर तेच पाच. भूपात जोर गंधारावर, देसकारात धैवतावर. म्हणून भातखंडेंनी भूप कल्याण थाटात ठेवला आणि देसकार बिलावलमध्ये.

या मांडणीवर टीकाही झाली. मधुवंतीसारखे राग १० थाटांत नीट बसत नाहीत, हा आक्षेप आजही घेतला जातो.

पण चिजा वाचल्या. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या ६ भागांत त्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीसह दिल्या. कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, इतकी सोपी लिपी. १९२६ ला लखनौला त्यांच्या पुढाकाराने संगीत कॉलेज उभं राहिलं. आज ते त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे.

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले भातखंडे १९ सप्टेंबर १९३६ ला गेले. पण त्यांच्याबरोबर चिजा गेल्या नाहीत. त्या लिहून झाल्या होत्या.