प्लेगचे रहस्य उलगडणारे सिमाँ

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. जांघेत किंवा काखेत गाठ येई, अंगात तीव्र ताप चढे आणि धडधाकट माणूस थोड्याच दिवसांत दगावे. भयभीत झालेले लोक मुंबई सोडून आपापल्या गावी निघाले. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण, रोहा अशा गावांकडेही लोक परतू लागले. पुढे ही साथ कोकणात व देशावर पसरली. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक संकट ओळखीत आणि घरदार सोडून रानात झोपड्या बांधून राहत. उंदरांचा व या रोगाचा काही संबंध आहे, हे अनुभवाने कळले होते. परंतु उंदराचा रोग माणसाच्या देहात शिरतो कसा, हे कोडे भल्याभल्या डॉक्टरांनाही सुटले नव्हते. ते सोडविण्याचा मान पॉल लुई सिमाँ यांच्याकडे जातो.

सिमाँ यांचा जन्म १८५८ साली फ्रान्समधील बोफोर या लहानशा गावी झाला. वैद्यकाचे शिक्षण घेत असताना ते दूरच्या फ्रेंच गियाना प्रांतात कुष्ठरोग्यांची सेवा करण्यास गेले. तेथे पीतज्वराने त्यांना गाठले. पण त्यातून ते बचावले. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी सूक्ष्म जीवांचा अभ्यास केला. प्लेगचा जंतू येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँग येथे शोधून काढला होता. १८९७ साली येर्सिन यांच्या जागी सिमाँ यांची नेमणूक झाली व ते मुंबईस आले.

रोग्यांची तपासणी करताना काहींच्या पायांवर एक बारीकसा फोड त्यांना दिसला. इतरांनी ज्याकडे दुर्लक्ष केले असते, त्या फोडातील पाणी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात प्लेगचे जंतू होते! हा एखाद्या कीटकाच्या दंशाचा व्रण तर नसेल, अशी शंका त्यांच्या मनात आली. एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी पुष्कळ उंदीर मेलेले आढळले. ते उचलणाऱ्या वीस मजुरांपैकी दहा जणांना तीन दिवसांत प्लेग झाला. कारखान्यातील इतर कामगार मात्र सुखरूप राहिले. निरोगी उंदराच्या अंगावर पिसवा थोड्या असतात; आजारी उंदराच्या अंगावर त्यांची गर्दी होते आणि तो मरून थंड पडला की त्या त्याला सोडून जातात, हेही सिमाँ यांनी हेरले.

१८९८ च्या जून महिन्यात कराचीतील एका हॉटेलात त्यांनी प्रयोग मांडला. प्लेगने आजारी असलेला, पिसवांनी भरलेला उंदीर त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला. त्याच्या वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा परस्परांना स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसवांना मात्र जाळीतून वाट होती. पहिला उंदीर मेला. पाचव्या-सहाव्या दिवशी दुसराही मेला आणि त्याच्या शरीरात प्लेगचे जंतू सापडले. ज्या आजारी उंदरांच्या अंगावर पिसवा नव्हत्या, त्यांच्या सहवासात ठेवलेले उंदीर जिवंत राहिले. कोडे सुटले होते.

परंतु जगाने हे सत्य लगेच स्वीकारले नाही. सरकारी चौकशी मंडळाने ते अमान्य केले. घरे कार्बोलिकने धुण्याचे व रोग्यांना अलग ठेवण्याचे उपाय चालूच राहिले आणि माणसे मरत राहिली. अखेर १९०५ पासून मुंबईस परळच्या प्रयोगशाळेत नव्या मंडळाने विस्तृत प्रयोग केले. पिसवांच्या उडीच्या टप्प्यात ठेवलेल्या गिनीपिगांना प्लेग झाला. त्यांच्या उडीबाहेर उंच टांगलेले वाचले. सिमाँ यांचे म्हणणे खरे ठरले. जंतू वाढून पिसवेच्या जठराची वाट बुजते, म्हणून भुकेलेली पिसू पुनःपुन्हा चावते व जंतू जखमेत ओकते, हे १९१४ साली स्पष्ट झाले.

सिमाँ पुढे सायगाव, ब्राझील अशा दूरदेशी रोगांशी झुंजत राहिले. १९४७ साली फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. प्लेगचे जंतू रानटी उंदरांत व त्यांच्या पिसवांत दडून राहू शकतात. म्हणूनच रानातील उंदीर पकडून त्यांच्या पिसवा तपासण्याचे काम शास्त्रज्ञ आजही करतात. पेण-रोह्याच्या भातशेतांच्या बांधांवर बिळे करणारा उंदीर आणि त्याच्या अंगावरील क्षुद्र पिसू यांकडे शास्त्राच्या डोळ्यांनी पाहण्यास सिमाँ यांनी शिकविले. लहानशा फोडाकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही, त्यातच असंख्य प्राण वाचविणाऱ्या शोधाचे बीज होते.