शीत निवडताना

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण सहज म्हणून जातो. पातेल्यात ते खरेही आहे. सारा तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. शेतातल्या भाताचे तसे नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागले की भाताची खाचरे मागे पडतात आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी दिसू लागते. घाटमाथ्यावर पावसाला खळ नाही. तिथून पूर्वेला खटाव तालुक्यात जावे, तर तिथे आभाळाकडे डोळे लावून बसलेली माणसे. यातले कोणते शीत दाबून पाहायचे?

त्या दुष्काळी खटावातल्या बुध गावी १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. थोड्या नमुन्यावरून साऱ्या समूहाविषयी कितपत खात्रीने बोलता येते, या प्रश्नाचा पाया नेमन यांनी १९३४ च्या निबंधात घातला होता. सुखात्मे यांनी त्यात लगेच भर घातली आणि १९३६ मध्ये पीएच.डी. मिळवली.

१९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत आले. तेव्हा देशाचे पीक मोजले जाई ते आणेवारीने, म्हणजे गावकामगाराच्या नजरेने. ती नजर कुठल्या बांधावरून फिरली, हे कोणी विचारत नसे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली आणि धान्याचा हिशेब हा जीवनमरणाचा प्रश्न झाला.

सुखात्मे यांचा मार्ग असा: गावे, गावातली शेते आणि शेतातला तुकडा, सारे चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे आणि तेवढ्यातले पीक कापून, मळून, तोलायचे. रस्त्याकाठचे सोयीचे शेत धरायचे नाही. पण तुकडा केवढा? यावरून महालनोबीस यांच्याशी त्यांचा गाजलेला वाद झाला. बंगालमध्ये लहान तुकडे कापले जात. सुखात्मे यांचे म्हणणे, तिथे उत्पन्न फुगते, कारण काठावरचे रोप आत की बाहेर हे ठरवताना कापणाऱ्याचा विळा आतच वळतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात काठाच्या प्रत्येक फुटामागे एकच चौरस फूट जमीन येते; ३३ फूट बाय साडेसोळा फुटांच्या आयतात साडेपाच. वर्तुळाला काठ फार, शेत थोडे. महालनोबीस यांचा भर स्वतंत्र, प्रशिक्षित तपासनिसांवर होता. सुखात्मे यांना हे काम महसूल आणि शेती खात्याच्याच माणसांकडून करून घ्यायचे होते. माझ्या मते गरीब देशाला दुसरी वाट अधिक परवडणारी होती. मात्र ज्याला आकडा वर द्यायचा आहे त्याच्याच हाती दोरी आणि खुंट्या दिल्या, ही शंका उरते.

१९५१ पासून जवळजवळ वीस वर्षे ते रोमला अन्न व कृषी संघटनेत होते. १९५४ मध्ये नमुना पाहणीवरचा त्यांचा ग्रंथ आला, १९७१ मध्ये पद्मभूषण.

पुण्यात परतल्यावर पुन्हा वाद, आता वि. म. दांडेकरांशी आणि भुकेच्या मोजमापावरून. माणसाचे एका दिवसाचे जेवण हाही नमुनाच. त्याची गरज दिवसागणिक वरखाली होते, म्हणून सरासरी उष्मांकाखालचा प्रत्येकजण उपाशी धरू नये, असे सुखात्मे मांडत. टीकाकारांना यात सरकारच्या सोयीचा आकडा दिसला. दुष्काळी गावच्या या माणसाला तो आरोप झोंबला असणार. तरीही १९९७ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही.